गादीवाल्यांच्या बहिणीचे सतरा धडे

माइक घ्यायला येणाऱ्या दहातल्या आठांना माइक नको असतो, आवाज हवा असतो. तो माझ्याकडे मिळत नाही. पण हे गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगितलं तर दुकानाला कुलूप लागेल, म्हणून मी मुकाट्यानं खोकी उघडून दाखवतो. न्हाणीघरात गाणारे थेट सगळ्यात महागाकडे बोट करतात. खरे गाणारे कोपऱ्यात उभे राहून आधी दुसऱ्यांचं ऐकतात. आणि जोडीनं कुणी आलं तर जो गाणार नसतो, तोच जास्त बोलतो.

त्या दिवशी आलेल्या दोघांत बोलणारे होते गादीवाले. आमच्याच रस्त्यावर, वळणापलीकडे त्यांचं गाद्या-उशांचं दुकान. वय साठीच्या पुढे, पंजे रुंद. माझ्याकडचा प्रत्येक माइक त्यांनी आधी अंगठ्यानं दाबून पाहिला. सोबत त्यांची धाकटी बहीण. ती घरी मुलांना गाणं शिकवायची, म्हणून सगळा रस्ता तिला बाई म्हणायचा, मीही. भावाची बायको लवकर गेली, बाईंनी लग्नच केलं नाही, आणि एका घरात राहून एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय दोघांनाही जेवण गोड लागत नसे.

"हा चांगला जड आहे," गादीवाले म्हणाले.

"दादा, आपण माइक घ्यायला आलोय, वजनमाप नाही."

"अगं, जड वस्तू टिकते."

"टिकवायचाय कशाला? बारा दिवस चालला म्हणजे झालं."

मी हसलो. मग दोघंही हसत नाहीत हे माझ्या लक्षात आलं.

बाईंच्या घशात गाठ निघाली होती. स्वरपेटीच्या खाली. आवाजाला तिनं अजून धक्का लावला नव्हता, पण काढायची तर स्वरपेटीसकट काढावी लागणार होती, आणि त्यानंतर गाणं सोडाच, साधं 'कोण आहे?' असं विचारणंही संपणार होतं. बारा दिवसांनंतरची तारीख मिळाली होती. हे सगळं बाईंनी गाडी चुकल्याचं सांगावं इतक्या सहज सांगितलं. त्यांचा बेत पक्का होता. सतरा धडे भरून ठेवायचे: सूर कसा लावायचा, कुठे थांबायचं, श्वास कुठे चोरायचा. पुढे मुलं समोर बसतील, यंत्रातून धडा वाजेल, बाई हातानं ताल देतील आणि कुणी चुकलं की डोळे वटारतील.

"डोळे वटारायला स्वरपेटी लागत नाही," त्या म्हणाल्या. "शिकवणं तेवढं सुटता कामा नये. नाहीतर मी दिवसभर या दादाच्या उशांचे अभ्रे बदलत बसेन."

"बदललेस कधी आजवर?" गादीवाले म्हणाले.

मी दोन माइक काढले. पहिला स्टेजवरचा, हातात धरायचा, जाळीच्या गोळ्याचा. तो तोंडासमोरचं ऐकतो आणि बाकी जगाशी देणंघेणं ठेवत नाही. दुसरा उभा, जाडसर, स्टँडवर बसवून थेट कॉम्प्युटरला जोडायचा. त्याचे कान इतके तिखट की शेजारच्या घरात चमचा पडला तरी दखल घेतो. घरी भरायचं तर पहिला घ्या, असं मी म्हणालो. घरात भांडी असतात, रस्ता असतो, आणि भाऊ असतो.

"भावाचं मीही सांगतेय कधीची," बाई म्हणाल्या.

त्यांच्या कानांवर मी हेडफोन चढवला आणि एकेक माइक स्वतः त्यांच्यासमोर धरला. दोन्हींत त्या तेच गायल्या: एक खालचा सूर, मग हळूच वर, मग सोडून दिला. काउंटरवर बिल करून घेणारा एक माणूस पैसे हातात धरून तसाच उभा राहिला. मीही माइक धरून उभा होतो, आणि मी काय विकतोय हे क्षणभर विसरलो होतो.

"हा," त्यांनी दुसऱ्याला बोट लावलं. "यात श्वास ऐकू येतो. सूर काय, मुलांना कुठेही मिळेल. मी श्वास कुठे घेतला ते त्यांना कळायला हवं."

"आणि खोलीचं माझ्यावर सोडा," गादीवाले म्हणाले. "आठ गाद्या उभ्या करतो भिंतींना. मुंगी शिंकली तर तिचं तिलाच ऐकू येणार नाही."

मी तोंडापुढची जाळी दिली, स्टँड दिला, पंखा बंद ठेवा म्हणून बजावलं, माइकपासून वीतभर अंतर ठेवा म्हणून हातानं दाखवलं. दोघं माइकचं खोकं कोण धरणार यावर भांडत गेले.

दोन महिन्यांनी गादीवाले एकटेच आले. ऑपरेशन नीट झालं होतं, बहीण घरी होती, गळ्याशी भोक पाडलंय त्यातून श्वास घेते, लिहून बोलते. "आणि लिहूनसुद्धा मलाच झापते," ते म्हणाले. त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. धड्यांच्या वीस प्रती हव्या होत्या, मुलांना द्यायला.

"एक काम आणखी करा. यात माझं नाक फार मोठं येतंय. तेवढं कमी होतं का बघा."

मी पहिला धडा लावला. आधी एका दांडग्या पुरुषाचा श्वास आला, अगदी कानाशी. मग खुर्ची करकरली. कुणीतरी दबक्या आवाजात "वा" म्हणालं. आणि या सगळ्याच्या पलीकडे, दोन दारं लावून घेतलेल्या घरात असावी तशी, एक बाई गात होती.

"तुम्ही कुठे बसला होतात?" मी विचारलं.

"तिच्या समोर. ती भिंतीकडे बघून गात नाही हो. जन्मभर समोर मूल बसवून गायली. मग मीच मूल झालो."

"आणि माइक?"

"दोघांच्या मधे."

"त्यावर कंपनीचं नाव आहे बघा, ते कुणाच्या बाजूला होतं?"

"माझ्या. आधी तिच्या बाजूला ठेवलं होतं. म्हणाली, ही पाटी डोळ्यांत येते, जाहिरात वाचत मी गाणार नाही, फिरव तिकडे. फिरवला." ते थांबले. "का?"

तो माइक एकाच बाजूनं ऐकतो. ज्या बाजूला नाव, त्या बाजूला कान. मागून जवळजवळ बहिरा. हे मी तो माइक नेणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, अगदी कंटाळा येईपर्यंत सांगतो. बाईंना सांगितलं नव्हतं. दुकानात माइक मी स्वतः धरला होता, सरळच धरला होता, आणि त्यानंतर मी विकत नव्हतो, ऐकत होतो. त्यांनी माझं मानून तो जाळीच्या गोळ्याचा नेला असता, तर चुकायला जागाच नव्हती.

हे सगळं मी गादीवाल्यांना सांगितलं. त्यांनी काउंटरच्या कडेवर अंगठा दाबून धरला.

"घरी ऐकून पाहिलं नाही का तुम्ही?"

"पहिल्याच दिवशी ऐकलं. फार बारीक आला. मी म्हटलं, दुकानदाराला विचारून येतो, त्या दिवशी तर चांगला भरलेला होता. ती म्हणाली, नको जाऊ. दुकानातल्या यंत्रांनी फुगवला होता, विकणाऱ्याकडे सगळंच गोड वाजतं. म्हणाली, आतून मला भरलेला वाटतो, पण गाठीनं खाल्लाय, बाहेर एवढाच येतोय. मला तर समोर पूर्वीसारखाच ऐकू येत होता, पण म्हणाली, तुला माझा कसाही गोडच लागणार. चल, उरलाय तेवढा भर."

मी धडा थांबवला.

"अकरा दिवस गायली. रोज ऐकायची, आणि रोज म्हणायची, हा तर आधीच गेलाय, दादा, डॉक्टर नुसती रिकामी पेटी काढणार. त्याच जोरावर ती आपल्या पायांनी ऑपरेशनला गेली." त्यांनी वर पाहिलं. "ती इथे गायली होती ते आहे का तुमच्याकडे?"

"दुकान बंद करताना त्या दिवसाचं सगळं पुसतो मी."

"बरं." मग त्यांनी त्या रुंद हातांनी मला नमस्कार केला, जो मला कुणी करू नये असं तेव्हा फार वाटलं. "तिला सांगू नका. गाठीवर राग धरून ती बरी आहे. 'फिरव' असं तीच म्हणाली होती."

चौथ्या दिवशी दोघंही आली. बाईंच्या गळ्याभोवती पातळ रुमाल होता आणि दोरीनं अडकवलेली वही. वाळल्या होत्या, पण काउंटरवर कोपर टेकवायची ऐट तीच. त्यांनी आधीच लिहून आणलेलं पान माझ्यापुढे सरकवलं.

"खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही माझा आवाज यंत्रानं फुगवला होता ना?"

त्यांच्या खांद्यावरून गादीवाले माझ्याकडे बघत होते.

"थोडाफार वाढवतोच आम्ही, बाई," मी म्हणालो. "धंदाच तसा आहे."

त्या काउंटरवर मी पुष्कळ थापा मारल्या आहेत. त्या माल खपावा म्हणून होत्या, आणि गिऱ्हाइकालाही ते कळत असे. बाईंना ही थाप वाटली नाही. त्यांनी मान डोलावली, जणू मुलानं बरोबर उत्तर दिलं होतं. मग लिहिलं:

"वाटलंच. ते सतरा धडे पुसून टाका. असा मेलेला आवाज पोरांच्या कानात घालायचा नाही. शिकवणी बंद."

"अगं चिमणे," गादीवाले वाचून म्हणाले, "शिकवणी कशाला बंद? पोरं रोज विचारून जातात."

बाईंनी 'बंद'खाली रेघ मारली. मग आणखी एक. गादीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मी काही बोलायच्या आत ते दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले, रस्त्याकडे तोंड करून. त्यांची पाठ मला पहिल्यांदाच म्हाताऱ्या माणसाची वाटली.

मी सतराही धडे निवडले. पुसायचे का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. बाई पडद्याकडे बघत होत्या. मी बाईंच्या हातातलं पेन घेतलं. बोललो असतो तर दारापर्यंत ऐकू गेलं असतं, म्हणून त्यांच्याच वहीत लिहिलं.

"फुगवला नव्हता. आत्ता खोटं बोललो. घरी माइकची पाठ तुमच्याकडे होती. नावाची बाजू तुमच्याकडे हवी होती. हे सांगणं माझं काम होतं, मी सांगितलं नाही."

त्यांनी वाचलं. बोट ठेवून पुन्हा वाचलं. पेन परत घेतलं.

"म्हणजे होता?"

"पूर्ण होता," मी लिहिलं.

डोक्यावर पंखा फिरत होता. मग बारीक अक्षरात: "दादाला माहीत आहे?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मला कळलंय हे त्याला कळू देऊ नका."

त्यांनी मागचं पान उलटलं आणि 'पुसून टाका' एवढ्यावर काट मारली. 'शिकवणी बंद'ला हात लावला नाही. मग स्वतःच हेडफोन चढवला आणि पडद्यावरच्या पहिल्या धड्याकडे बोट केलं. मी तो लावला.

त्या ऐकत होत्या. उजवा हात काउंटरवर ताल देऊ लागला, एका ठिकाणी थबकला, पुन्हा सुरू झाला. श्वास कुठे घेतला होता ते त्या शोधत होत्या. तो इतक्या लांबून ऐकू येत नव्हता. मग हात थांबला. त्यांचं तोंड उघडलं, खांदे हलू लागले, रुमालाची कड आत-बाहेर होऊ लागली, आणि डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून वहीवर पडत राहिलं. कुणी इतकं रडताना मी पाहिलं नव्हतं, आणि दुकानात पंख्याखेरीज कशाचाच आवाज नव्हता.

"पुसलं का हो?" गादीवाल्यांनी रस्त्याकडे बघतच विचारलं.

"शेवटचं एकदा ऐकताहेत," मी म्हणालो.

"ऐकू दे," ते म्हणाले. मागे काही ऐकू आलं नाही, म्हणून ते वळले नाहीत.