गायरानावर वर झालेले हात

आधीच सांगते, मी फाटक्या तोंडाची बाई. सासरी आल्यापासून ऐकून राहिले, "गौरम्मा, हळू बोल." हळू बोलून मिळतंय काय? हळू बोलणाऱ्याला कचेरीच्या दारात कुणी उभं करत न्हाई.

आम्ही कायदा मागत होतो. गावच्या गायरानाचं काय करायचं ते गावानं ठरवावं, लातूर-मुंबईच्या खुर्चीनं न्हाई. ग्रामसभेनं ठराव केला की तोच शेवटचा. ह्याच्यासाठी मी आणि धम्मप्रिया गावोगाव फिरलो. ती आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातली, माझ्या लेकीच्या वयाची. मुद्दे तिचे, आवाज माझा. आमच्या बॅनरवर लिव्हलेलं, "गाव आपलं, ठराव आपला".

धम्मप्रियाच्या आज्यानं गायरानाचा एक तुकडा दगड वेचून वेचून पिकाखाली आणला होता. सातबाऱ्यावर नाव न्हाई, पण तिच्या घरची चूल त्या तुकड्यावरच पेटते. तिथंच एका सोलार कंपनीचा डोळा होता. रान जाईल ह्या भीतीनंच पोरगी चळवळीत आली. त्यात लपवायचं काय?

बायांना मी एकच गोष्ट शिकवली होती. भाषण समजो न समजो, गौरम्माचा हात वर गेला की आपला हात वर. पुरुष मधीच कुजबुजतात, बायांची मतं फोडतात, म्हणून ही युक्ती. लई कामाला आली ती.

मग एक दिवस वरून, सरकारकडून निरोप आला. कायदा होईल तेव्हा होईल, आधी तुमच्या गावात करून दाखवा. गायरानाचं ग्रामसभा ठरवंल ते आम्ही मानू. अगं बाई! मी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले.

शाळेच्या पटांगणात सभा भरली. चाकूरहून तहसीलचे साहेब आले. सरपंच बसलिंगप्पा, म्हणजे माझे चुलत दीर, ठराव वाचायला उभे राहिले. "गायरान गावच्या गुरांसाठी मोकळं राहील. कंपनीला इंचभर जागा देणार न्हाई..."

कंपनीला न्हाई म्हणल्यावर मला दम कुठला! हात वर. माझ्यामागं झाडून सगळ्या बायांचे हात. धम्मप्रियाचाही. भाऊजींनी चष्मा नीट केला आणि उरलेलं वाचलं, "...आणि गायरानावरची सगळी अतिक्रमणं महिन्याच्या आत काढली जातील. ठराव मंजूर."

माझा हात वरच राहिला. खाली घ्यायचं सुचलंच न्हाई. धम्मप्रिया माझ्याकडं बघत होती आणि तिचाही हात तसाच वर होता.

"थांबा!" मी ओरडले. "ही कसली लबाडी? दोन गोष्टी एकाच पोत्यात? साहेब, येगयेगळी मतं घ्या!"

"ताईंचं बरोबर आहे," साहेब म्हणाले. "अतिक्रमणावर वेगळं मत घ्या."

माझ्या जिवात जीव आला. गाव काय वाईट न्हाई, फसलं होतं बिचारं. मी माईक ओढून घेतला. तुकडा कुणाचा, दगड कुणी वेचले, आज तूर कुणाची उभी हाय, सगळं सांगितलं. "ह्या पोरीनं तुमच्यासाठी चपला झिजवल्या. तिचं रान काढायचं ज्याच्या मनात हाय, त्यानं सगळ्यांदेखत हात वर करावा!"

पहिला हात वर गेला तो आमच्या मालकांचा. माझ्याच घरचा माणूस! कुंपणानंच शेत खाल्लं. मग त्यांच्या शेजारचे हात, मग त्यामागचे. आणि मग बाया. माझे दोन्ही हात माईकला गच्च धरलेले, तरी बाया हात वर करून राहिल्या. गुणाबाईसुदिक, जी प्रत्येक मोर्च्यात माझ्या खांद्याला खांदा लावून चालली. मागं बौद्धवाड्यातली माणसं बसली होती, तेवढ्यांचेच हात खाली. ह्या बारीला कुणी कुणाला फसवलं नव्हतं.

"साहेब," मी म्हणलं, "तुम्ही हे रद्द करा."

"ताई, हाच अधिकार आमच्याकडून काढून घ्या म्हणून तुम्ही मोर्चा आणला होता ना?"

पटांगण हसलं. मालक बी हसले.

सभा उठली. धम्मप्रिया बॅनरच्या दोऱ्या सोडत होती. मी जाऊन तिचा हात धरला. "पोरी, उद्याच लातूरला जाऊ. कलेक्टरच्या पाया पडू."

"पडू की. पण अक्का, एक खरं सांगा. 'गाव आपलं' म्हणताना तुम्ही मला त्यात धरत होता ना?"

"देवाशपथ धरत होते गं!"

"मी बी गावाला आपलं धरत होते," ती म्हणाली. बॅनरची घडी माझ्या हातात दिली. "उद्याची चापोली गावातली चळवळीची सभा तुम्ही करा. लातूरचं नंतर बघू. मला आधी तूर काढायची हाय."

चापोलीला मी गेले न्हाई. काय तोंडानं बोलणार? सकाळी भाकरी बी थापल्या न्हाईत. मालकांनी विचारलं तर म्हणलं, "ग्रामसभेला मागा." विळा घेतला आणि धम्मप्रियाच्या रानात गेले. आम्ही दोघी तूर कापत होतो, तर बांधावरून गुणाबाई आली. पदर खोचलेला, हातात विळा.

माझ्या अंगाची आग झाली. "काल हात वर केलास आणि आज इथं कोणत्या तोंडानं आलीस गं?"

"अवं अक्का, माझ्या म्हशीला चरायला जागा नको का?" गुणाबाई म्हणाली. "मत मताच्या जागी. पण शेंगा तडकून राहिल्या, एकट्या पोरीला कसं उरकंल?"

ती नाटक करत नव्हती. तेच तर मला सोसंना. काल हात वर करताना ती जेवढी खरी होती, तेवढीच आज विळा घेऊन खरी होती. मी फाटक्या तोंडाची बाई, पण विळा घेतला आणि परत तूर कापायला लागले.

धम्मप्रियानं कंबर सरळ केली, गुणाबाईकडं बघितलं. "मावशी, ती कडंची ओळ धरा," म्हणली, आणि परत खाली वाकली.