सतरा मुलींची हजेरी

मनोरमाबाईंनी चौतीस वर्षं कऱ्हाडच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळला. पण त्या दिवशी न्यूझीलंडात, वेलिंग्टनमधल्या नातीच्या शाळेत उभं राहून त्या हातातला कागद पुन्हापुन्हा वाचत होत्या. कागदावर सतरा नावं, आणि एकही सरळ जिभेवर बसेल तर शपथ!

ही हजेरी लेकीच्या शेजारी राहणाऱ्या हानाबाईंची. वय चौऱ्याण्णव, गाव तिकडे चेकोस्लोव्हाकियातलं. ज्यू म्हणून नाझींनी त्यांचा मुलींचा अख्खा वर्ग गाडीत कोंबून छावणीत नेला. हानाबाई वयाच्या मानानं उंच, म्हणून त्यांना एकटीला कामाच्या रांगेत ढकललं. बाकीच्या सोळाजणी परत आल्याच नाहीत. पुढे न्यूझीलंडला येऊन हानाबाई शिक्षिका झाल्या, आणि रिटायर झाल्यावरही शाळाशाळांतून हे सांगत हिंडल्या. सांगून झालं की वर्गाची हजेरी घ्यायच्या. एकेक नाव, आणि पुढे नुसती शांतता.

"तिथे आम्हाला नंबरनं पुकारायचे, म्हणून मी नावं घेते," त्या म्हणायच्या. "माझ्यामागं कोण घेणार गं? त्या सगळ्या एकत्र गेल्या. मीच तेवढी गैरहजर."

मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला नि हानाबाईंची वाचाच गेली. शाळेचा कार्यक्रम तर ठरलेला. त्यांनी डाव्या हातानं कागद पुढे केला, तो थेट मनोरमाबाईंच्या पुढ्यात.

"अगं बाई! माझं इंग्लिश म्हणजे आनंदच!"

"आई, नावं कुठे इंग्लिश आहेत?" त्यांची लेक स्वप्ना म्हणाली. "आणि इतके दिवस तुम्ही दोघी घरामागच्या लाकडी डेकवर बसून तासन्‌तास बोलत होतात, ते कशात?"

खरंच होतं. मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये दोघी आपापल्या शाळेचंच उगाळत बसायच्या. जीव तिकडेच अडकलेला. फरक एवढाच, की मनोरमाबाईंच्या वर्गातल्या मुली दिवाळीला व्हॉट्सॲप करतात. हानाबाईंच्या मैत्रिणी तेरा वर्षांच्याच राहिल्या.

आता हॉलमध्ये दीडशे पोरं मांडी घालून बसलेली, समोर व्हीलचेअरवर हानाबाई. त्यांची गोष्ट शाळेतल्या शिक्षकांनी सांगून झालेली. मनोरमाबाईंनी घसा खाकरला.

"मार्ता स्टाइनोवा."

शांतता. आता पुढचं नाव घ्यायचं, बस्स. पण हाडीमाशी खिळलेली सवय कुठे जाते? वर्गातून उत्तर आलं नाही, तशी बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि दरडावून पुन्हा हाक मारली, "मार्ता स्टाइनोवा!"

"हजर, बाई!"

अबोली! त्यांची नात, घरी शाळा-शाळा खेळताना उठते तशी ताडकन उभी. एरवी मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्येच उत्तर देणारी कार्टी! मेलेल्या पोरींच्या नावावर आपण हे काय करून बसलो? मनोरमाबाईंनी भीतभीत हानाबाईंकडे पाहिलं.

हानाबाई अबोलीकडे एकटक बघत होत्या. ऐंशी वर्षांत त्या नावाला कुणी ओ दिली नव्हती. मग त्यांचा डावा हात हलला. चालू दे, पुढे.

"रूथ कोहनोवा."

"हाजार, बाय!" दुसरीच एक सोनेरी केसांची पोर उठली. मग तिसऱ्या नावाला तिसरी. बघताबघता सोळाजणी उभ्या राहिल्या. हानाबाईंचे डोळे वाहत होते, आणि पुसायला त्यांना सवड नव्हती.

सतरावं नाव पेन्सिलीनं, पुसट लिहिलेलं. ते हानाबाई कधीच वाचत नसत, हे मनोरमाबाईंना काय ठाऊक?

"हाना वाइसोवा."

कुणी उठलं नाही. पोरं वळून व्हीलचेअरकडे बघायला लागली. मनोरमाबाईंनीही कागद खाली करून तिकडे पाहिलं. पण बाई त्या बाईच. पुन्हा हाक मारली, या वेळी हळू.

"हाना?"

हानाबाईंनी उभ्या असलेल्या सोळाही पोरींवरून नजर फिरवली. मग डावा हात वर केला, कोपरापासून सरळ, वर्गात करतात तसा.

मनोरमाबाईंनी पर्समधून पेन काढलं आणि त्या नावापुढे बरोबरची खूण केली. वर्गात आज कुणीही गैरहजर नव्हतं.