कोंबड्यांचा वाटा

जुलैत वर्षभराचा कुसकुस, म्हणजे रव्याचे बारीक दाणे, वळायला बसलं की आमच्या घरी एक नियम असतो: परातीवर वाईट बोलायचं नाही. बोललेलं दाण्यात मुरतं आणि मग वर्षभर खावं लागतं, असं माझ्या सासूबाई मन्नूबिया मानतात. कुणाच्या तोंडून चुकून निंदा निघालीच, तर तिनं आपल्या परातीतली एक मूठ कोंबड्यांच्या टोपलीत टाकायची.

त्या वर्षी मला परातीपेक्षा घड्याळाची धास्ती होती. माझी आठ महिन्यांची दोर्रा दुपारी माझ्या नणंदेबरोबर, नाजिहाताईंबरोबर, त्यांच्या घरी सूस शहरी जाणार होती. ‘थोडे दिवस,’ असं सगळे म्हणत होते. नाजिहाताईंना मूल नाही. त्यांनी घेतलं की पोर लगेच गप्प व्हायची. माझ्याकडे आली की मात्र तिला रडू फुटायचं आणि माझे हात गार पडायचे. बाळंतपणापासून माझं कशातच मन लागत नव्हतं. मीच म्हटलं होतं, घेऊन जा, तुमच्याकडे सुखात राहील. तिची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. पिवळं टोपडं अगदी वर होतं, जिन्यातून येता-जाता दिसेल असं.

गच्चीवर आम्ही चौघी होतो: सासूबाई, नाजिहाताई, शेजारची शादलिया आणि मी. रव्यावर मिठाचं पाणी शिंपडायचं, तळहात सपाट ठेवून गोल फिरवत राहायचं, दाणा धरला की चाळायचं. माझ्या हातून पाणी जास्त पडलं. रव्याचे गोळे झाले.

“गेलं! माझ्या हाताला यशच नाही,” मी पुटपुटले.

“मूठ,” सासूबाई म्हणाल्या.

“मी कुणाला काय बोलले, अम्मी?”

“बोललीस. टाक मूठ.”

शादलिया खो खो हसली. “अगं, सकाळपासून मी माझ्या जावेचं नाव दातांखाली दाबून धरलंय, जीव चाललाय माझा. आणि ही बघा, फुकटात मुठी घालवतेय!”

मला वाटलं, थट्टा आहे. पण थोड्या वेळानं चाळणी हातातून निसटली आणि मी म्हटलं, “धांदरटच आहे मी.” लगेच पलीकडून आवाज, “मूठ.” नाजिहाताईंनी दोर्राला किती वेळा पाजतेस विचारलं. मी म्हणाले, “पाजते कसली, पोर उपाशीच राहते माझ्यापाशी.” मूठ. “मला विचारूच नका, मला काही कळत नाही.” मूठ. दोनदा तर मी काही बोललेच नव्हते, असं मी शपथेवर सांगितलं असतं. पण तिघींनी ऐकलं होतं.

ऊन गच्चीच्या कठड्यावर आलं तेव्हा सासूबाईंनी टोपली मध्ये ओढली. शिगोशिग भरली होती.

“यात शादलियाची एक.”

“दोन,” शादलिया म्हणाली. “खोटं कशाला बोलू? शेवटी निघालंच जावेचं नाव.”

“दोन. बाकी सगळं आमच्या सूनबाईंचं.”

माझ्या परातीचा तळ दिसत होता.

“विदाद,” शादलिया हळूच म्हणाली, “यातलं अर्धं जरी तू मला बोलली असतीस ना, तर मी तुझ्या झिंज्या उपटल्या असत्या.”

सासूबाईंनी माझी परात स्वतःकडे घेतली. उरलेल्या गोळ्यांवर कोरडा रवा भुरभुरला आणि बोटांनी हलकेच मोकळे करत, माझ्याकडे न बघता विचारलं, “तुझ्या आईबद्दल कुणी वाकडं बोललं तर ऐकून घेशील?”

“नाही.”

“मग दोर्राच्या आईबद्दल काय बोलतेयस सकाळपासून?”

मी ओढणीनं डोळे पुसायला गेले आणि हाताचा रवा डोळ्यांत गेला. चांगलंच झालं, रडायला निमित्त मिळालं.

तेवढ्यात सावलीत निजलेली दोर्रा उठली आणि तिनं भोकाड पसरलं. नाजिहाताई सवयीनं उठल्या. माझ्या ओठांवर आलंच होतं, ‘घ्या तुम्ही, माझ्याकडे नाही राहायची.’ माझी नजर टोपलीकडे गेली. आता आणखी कुठून मूठ द्यायची? वाक्य तोंडातच थांबलं. त्याच्या जागी दुसरं काहीतरी हवं होतं, आणि मोठं काही सुचेना. ‘मी उत्तम आई आहे’ असं म्हणायला जीभ वळलीच नसती. मी एवढंच म्हटलं, “थांबा ताई. मी बघते.”

ती गप्प झाली नाही. मी तिला खांद्यावर घेऊन गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. ती रडत राहिली, माझे हात गार पडत राहिले. मनात तेच सुरू झालं, ‘बघ, जमत नाही.’ मी त्याला उत्तर दिलं, ‘रडतेय ती. मी चालतेय. दोघी आहोत.’ किती फेऱ्या झाल्या कुणास ठाऊक. मग तिनं माझ्या गळ्यावर चिकटलेला कुसकुसचा एक दाणा बोटानं खरवडला, तोंडात घातला आणि खारट लागला म्हणून चेहरा वाकडा केला. मला हसू आलं. आठ महिन्यांत तिनं माझं हसणं फार ऐकलं नसावं; ती रडायची थांबून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

“नाजिहाताई,” मी म्हणाले, “दोर्रा येणार नाही.”

त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. “पाळणा आणून ठेवलाय गं मी.”

“माहीत आहे.”

त्यांनी चाळणी खाली ठेवली, हात झटकले. “मग मी राहू का चार दिवस? तुला झोप तर मिळेल. पोर तुझीच, रात्रीचं जागरण माझं.”

“राहा ना,” मी म्हणाले. “मला येत नाही सगळं.” आणि घाबरून सासूबाईंकडे पाहिलं.

त्यांनी क्षणभर विचार केला. “ही निंदा नाही,” त्या म्हणाल्या. “ही मूठ राहू दे परातीत.”

संध्याकाळी मी एका हाती पोर आणि एका हाती टोपली घेऊन खुराड्याशी गेले. कोंबड्यांनी माझा सकाळचा सगळा हिशेब टिपून टाकला. अजूनही सवय मोडलेली नाही. चुकून तोंडून निघतंच, मग मी डब्यातनं चिमूटभर काढून त्यांच्यापुढे टाकते. शादलिया म्हणते, तुमच्या कोंबड्या अलीकडे वाळत चालल्यात.