आतून वाजलेली टाळी

मी भिंतीवर रंगवलेल्या खोलीत शेवंताआई मंगळवारी राहायला गेली आणि बुधवारी सकाळी तिने आतून हाक मारून चहाला साखर मागितली.

शेवंताआई माझी गुरू. घरच्यांनी मला हाकललं तेव्हा हिनेच पदराखाली घेतलं, साडी नेसायला शिकवलं, हातात ब्रश दिला. पेपरात आम्हाला तृतीयपंथी लिहितात. बार्शीतले घरमालक नुसतं "खोली रिकामी नाही" म्हणतात. म्हणून शेटेअण्णांच्या गोदामाच्या भिंतीवर मीच एक काढली. निळी, ऐसपैस, खिडकीत तुळस. आई आत जाऊन बसली. "मोरी झकास झालीय गं वैजू," म्हणाली. मग मी दार काढलं आणि तिथंच माती खाल्ली.

दार बंद काढलं. काय करणार! आम्ही गल्लीत शिरलो की दारं मिटतातच. उघडं दार माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं.

"उघड की," आई आतून म्हणाली.

मी कडी रंगवली, ती हातात आली. त्यावर उघडं दार रंगवलं, ते वाळताच मिटलं.

तेवढ्यात अण्णा आले. सोबत चुन्याची बादली घेतलेला दगडू रंगारी.

"मुलीचं लग्न आहे. भिंत पांढरी पाहिजे," अण्णा म्हणाले. "दगडू, मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

"आत माझी आई आहे."

"असू दे," म्हणून ते घरी जेवायला गेले.

दगडूने टोकापासून सुरुवात केली. त्याचा कुंचला फिरला की तिथलं सगळं जायचं. आधी नळ गेला, मग नळाखालची घागर, मग टेकवलेली सायकल. आई गेली तर मला जगात आहे कोण?

मी टाळी वाजवली. आमची टाळी, पंजे आडवे, कडाडून. झालं! सवयीनं गल्लीतली सगळी दारं दाणदाण मिटली, आणि आमच्या दाराने तर आतून खिटी घातली.

"बावळट," आई हसली. "हो बाजूला."

मग तिने आतून टाळी वाजवली. आतून येणारी टाळी त्या दाराने जन्मात ऐकली नव्हती. ते गोंधळलं आणि उघडलं. मी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडले.

दगडू दारापर्यंत आला, डोकावला. "आता इथं भिंतच नाही. चुना लावू कशाला?" तो पुढे सरकला. थांब म्हणणारे अण्णा घरी जेवून झोपले होते. गोदाम संपलं, गल्ली संपली, मग अण्णांचं घर. आम्ही आत निवांत चहा घेतला, साखर घालून.

दुपारी अण्णा आले. मागे हळद लागलेली मुलगी. चहूकडे पांढरं होतं आणि त्यात दार एकच.

"आई," अण्णा म्हणाले, "आत येऊ का?"

आईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चपला काढा. पोरीला आधी आत येऊ दे."

मुलगी उडी मारून आत आली. अण्णांनी चपला काढल्या, त्या तिथल्या तिथे पांढऱ्या झाल्या. त्यांनी पाय उचलला.

"अगं वैजू, उंबरा काढायचा राहिलाय," आई ओरडली. "लवकर! पाहुण्याचा पाय अधांतरी आहे."