तहानलेली बाई

त्या सकाळी आमच्या घरात नेहमीचंच चाललं होतं. मी ओट्यापाशी स्टुलावर बसून मटार सोलत होते आणि माझी लेक खिडकीशी उभी राहून काळ्या कोटाला इस्त्री करत होती. लेक वकील आहे. केस पांढरे झाले तरी कोटाला कुणाला हात लावू देत नाही, आणि दर वेळी बाहीवर दुहेरी घडी पाडते. एवढी कोर्टात भांडते, पण इस्त्रीपुढे हरते.

तिचं काम आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आमच्याकडे कायद्यात एक कलम आहे. बायको घर सोडून आली आणि नवऱ्याने अर्ज केला, की कोर्ट तिला परत नांदायला जाण्याचा हुकूम देतं. गेली नाही तर कोर्टाचा बेलिफ येतो आणि नेऊन सोडतो. सापडलेली सायकल मालकाच्या हवाली करावी, तसं. मार पडत असेल तर तो अंगावर दाखवावा लागतो. आता दिसेल तिथे मारण्याइतके नवरे अडाणी राहिले आहेत कुठे?

लेक नवी नवी वकील झाली तेव्हा तिची एक अशील हरली. कपडे शिवणारी बाई होती. बेलिफ तिला सोडून आला. आठवडा उलटायच्या आत ती गच्चीवरून पडली. पडली, असं कागदावर लिहिलं गेलं.

त्या दिवसापासून लेकीने दोन कामं धरली. एक, ते कलम काढून टाकायचं. त्यासाठी सभा केल्या, वरच्या कोर्टात गेली, शिव्या खाल्ल्या, लग्नाचं वय असंच गेलं. शेवटी सरकारने तिला कायदा समितीवर घेतलं आणि कलम रद्द करायचा मसुदा तिनेच लिहिला. दुसरं काम म्हणजे, जी बाई खटला हरेल तिला बेलिफाच्या हाती द्यायची नाही, आपण स्वतः सोडायला जायचं. घरात शिरायचं, खुर्चीवर बसायचं आणि पाणी मागायचं. मग अधूनमधून पुन्हा जायचं. "इथून चालले होते, तहान लागली." सासरच्यांना कळावं की या बाईची चौकशी करणारं कुणी आहे. कोर्टात तिचं नावच पडलं, तहानलेली बाई.

"एवढं शिकवलं ते लोकांच्या घरी पाणी प्यायला?" मी म्हणायचे.

"फी मिळत नाही आई, पाणी तरी मिळतं."

आता माझ्या नातीचं. थोरल्या मुलाची मुलगी. लहानपणी तिला आम्ही रेडिओ म्हणायचो, कारण बंद करायचं बटणच नव्हतं. तिचा नवरा शाळेत मास्तर आहे. बोलायला इतका गोड की ऐकणाऱ्याला मुंग्या लागाव्यात. ती पहिल्यांदा निघून आली तेव्हा तिच्या बापाने समजूत घालून परत पाठवली. माझी लेक तिच्याकडेही पाणी प्यायला जात राहिली. येऊन सांगायची, "बरी आहे. हसत होती." मग एका दुपारी रेडिओ घरातल्या सपाता घालून चालत आमच्याकडे आली. बोलली काहीच नाही. त्यानंतर ती फारसं बोललीच नाही. कोर्टातसुद्धा विचारलं तेवढंच, तेही खाली बघून. अंगावर दाखवण्यासारखं काही नव्हतं. हुकूम झाला.

आणि ती सकाळ हुकूम पाळायची होती.

थोरला वरच्या मजल्यावरून खाली आला. त्याचं औषधांचं दुकान आहे. बोलतोही गोळ्या मोजून दिल्यासारखा.

"किती वाजता निघताय?"

"कोट होऊ दे," लेक म्हणाली.

"हे बघ, मलाही बरं वाटत नाही. पण तुझा मसुदा पुढच्या अधिवेशनात येणार ना? आज तू कोर्टाचा हुकूम मोडलास तर ते काय म्हणतील? जी बाई स्वतःच्या भाचीसाठी कायदा मोडते, ती आम्हाला कायदा शिकवणार? तुझा सगळा जन्म पाण्यात जाईल. त्यापेक्षा थोडे दिवस जाऊ दे तिला. कलम गेलं की घेऊन येऊ."

"माहीत आहे, दादा."

"आणि तू जाशीलच की पाणी प्यायला."

"जाईन."

मी मटार सोलत राहिले. खरं सांगायचं तर मला त्याचं म्हणणं चुकीचं वाटत नव्हतं, आणि बरोबरही वाटत नव्हतं. त्या दिवशी आमच्या घरात कुणालाच काही वाटत नव्हतं. दात काढण्याआधी डॉक्टर हिरडी बधिर करतो ना, तसं घर झालं होतं.

नात बाहेर आली. बॅग तिनेच भरली होती. केस विंचरलेले, ओढणी नीट. बाहेरगावी जाणारं माणूस दिवा बंद करतं तसा तिने खोलीतला दिवा बंद केला.

लेकीने कोट चढवला, चपला घातल्या. सवयीने म्हणाली, "घाबरू नकोस. शनिवारी येते मी."

"येऊ नकोस, आत्या."

"का गं?"

नात सपाट आवाजात बोलली, शाळेत धडा वाचून दाखवावा तशी. "तू पाणी मागतेस. सासूबाई मलाच आणायला सांगतात. ते दारात उभे राहून बघतात, मी हसते की नाही. मी हसते. तू पितेस, बरं वाटतं तुला, तू जातेस. मग ते दार लावतात. आत्याला डोळ्यांनी काय सांगत होतीस, म्हणून विचारतात. तू जितक्या वेळा आलीस तितक्या वेळा विचारलं." तिने बॅग या हातातून त्या हातात घेतली. "चल, उशीर होईल."

इस्त्री अजून तापलेली होती. खालची चादर करपायला लागली, तशी मी उठून इस्त्री बंद केली.

लेक दारात तशीच उभी. माझी पोर आहे, तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला पाठमोरीही कळतं. इतक्या वर्षांत इतक्या घरांमधून ती पाणी प्यायली होती. प्रत्येक घरात पेला कुणी आणून दिला होता, ते ती आठवत होती.

मग तिने चपला काढल्या. आधी उजवी, मग डावी. भिंतीशी सरळ लावून ठेवल्या.

"बॅग आत ठेव," ती भाचीला म्हणाली.

"अगं, मसुदा..." थोरला म्हणाला.

"मसुद्याला मारत नाही कुणी, दादा."

तिने न्यायाधीशांना लिहून कळवलं की हुकूम पाळला जाणार नाही, मुलगी माझ्या घरात आहे, आणि हे मी समजून उमजून करते आहे. सनद रद्द झाली. समितीवरून नाव निघालं. ज्यांना ते कलम हवंच होतं त्यांनी तिचं उदाहरण देऊन मसुदा पुढे ढकलला. थोरला म्हणालाच होता तसं सगळं झालं. त्याने ते बोलून दाखवलं नाही, एवढी अक्कल त्याला आहे. कोट कपाटात गेला. आता ती घरातच बायकांचे अर्ज लिहून देते, सही दुसरा वकील करतो. पाणी प्यायला कुठे जात नाही. आलेल्या बाईला आधी पाणी देते, आणि ती हसली तर विचारते, हे हसू कुणी शिकवलं?

कोर्टाचे कागद फिरत राहिले, आणि परवा बेलिफ आला. सोबत एक शिपाई. बेलिफ चांगल्या घरचा दिसत होता, पायपुसण्याला पाय पुसून उभा राहिला. लेक उठायला लागली, तिला मी हाताने खाली बसवलं. या घरातली मोठी मी आहे. हुकुमाची भाषा समजेल इतकी मी शिकलेली नाही, पण दार कुणाला उघडायचं ते मला कळतं.

मी दोन पेले भरून बाहेर नेले.

"पाणी घ्या."

"आजी, मुलीला बोलवा. तिला नेऊन सोडायचं आहे."

"पाणी घ्या आधी. उन्हातून आलात." त्याने घेतलं. पिऊन होईपर्यंत मी उंबऱ्यात उभी राहिले. "झालं? आता जा. मुलगी येणार नाही. मध्ये मी आहे, मला उचलावं लागेल, आणि मी वजनाला बरीच आहे."

शिपायाला हसू आलं, ते त्याने गिळलं. बेलिफाने पेला माझ्या हातात दिला. म्हणाला, "मी नाही तर दुसरा येईल, आजी."

"येऊ द्या."

ते गेले. मी पेले घासले. मागे नात येऊन उभी होती. तिने फडकं घेतलं आणि पेले पुसून जागेवर ठेवले. हसली नाही. आमच्या घरात तिला हसावं लागत नाही.

कलम अजून तसंच आहे. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा कुठल्या तरी घरात कुणी तरी पाहुण्याला पाणी आणून देत असेल. पेला घेताना तिच्या मागे दारात कोण उभं आहे, तेवढं बघा. मी रोज सकाळी पाणी भरून ठेवते. दुसरा बेलिफ येईल, त्यालाही तहान असेलच.