बिअरीला विरजण

पैज जिंकली तर अंबरीशचा फायदा मोठा होता: उन्हाळाभर त्याच्या घरासमोरचं गवत शेजारचा कीथ कापणार होता. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या त्या गल्लीत घरी बिअर करणारे हे दोघंच, आणि कुणाची बिअर सरस हे चव घेऊन ठरवणार कीथचीच बायको मॉरीन. पण ती नवऱ्याची भीड ठेवणारी नव्हती.

अंबरीशनं पिंप, नळी, झाकण सगळं जंतुनाशकानं धुतलं, बिअर लावली आणि पिंप आंबायला उबदार कपाटात ठेवलं. पैजेच्या सकाळी उघडलं, तर वर पांढरी साय आणि आंबूस वास.

"जंतू शिरले कुठून?"

"जंतू कसले, जावईबापू?" मुक्कामाला आलेल्या सासूबाई म्हणाल्या. "तळाशी गाळ बसला होता, म्हणून मी जरा ढवळलं."

"कशानं?"

"दह्याच्या डावानं. स्वच्छ होता हो, विरजण तेवढं लागलेलं होतं."

"म्हणजे माझ्या पैजेवर विरजण पडलं."

"पडलं कुठं? चांगलं लागलंय," सासूबाई वास घेत म्हणाल्या.

दुसरी करायला वेळ नव्हता. अंबरीशनं खाली मान घालून तीच बिअर नेली. मॉरीननं एक घोट घेतला, मग ग्लास संपवला, मग दुसरा मागितला.

"अशी आंबट बिअर पबमध्येसुद्धा मिळत नाही. कीथ, गवताचं मशीन काढ."

कीथनं कृती विचारली, तेव्हा सोबत आलेल्या सासूबाई पुढे झाल्या. "आता दर महिन्याला लावू. ढवळायचं माझ्याकडे, धुवायचं जावयांकडे."

शेवटी गवत कीथनं कापलं, कौतुक सासूबाईंनी घेतलं, आणि पैज जिंकलेला अंबरीश उन्हाळाभर पिंपं घासत राहिला.