रोसाबाईच्या आरशातला दुसरा चेहरा

या बाळांनो, पुढे सरका. मागच्या खुर्च्या राहू द्यात, सतरंजीवर बसा, अगदी माझ्याजवळ. बूट दाराशी नीट लावलेत ना? मग ऐका. आज मी तुम्हांला एका नटीची, तिच्या हरवलेल्या आवाजाची आणि माझ्या मत्सराची कथा सांगणार आहे. कथेत मध्येच तुमचं मन भटकलं तर मी रागावणार नाही. माझ्यासमोर बसून पुष्कळांची मनं भटकली आहेत.

मी एक जुना आरसा आहे. हातात धरायचा, तुमच्या तळहाताहून थोडा मोठा. माझी पाठ चांदीची आहे आणि मुठीवर द्राक्षांचा वेल कोरलेला आहे. माझा जन्म स्पेनच्या दक्षिणेला, आल्मेरिया नावाच्या समुद्रकाठच्या गावात झाला. ज्या म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं, त्याने मला शेवटचा हात फिरवला, माझ्यात स्वतःचे दात पाहिले आणि खूश होऊन दुकानात मांडलं. तिथून मला नेलं एका शिवणकाम करणाऱ्या बाईने, आपल्या लेकीसाठी.

ती लेक म्हणजे रोसाउरा. वय वर्षं एकोणीस. मित्रांनो, देवाने तो चेहरा फुरसतीत बसून केला होता! ती मला उजव्या हातात धरायची, डाव्या हाताने केस मागे सारायची आणि मला विचारायची, "काय रे, बरी दिसते ना?" मी काय उत्तर देणार? मी तिलाच तिच्यापुढे करायचो.

त्या वर्षी गावात जर्मन सिनेमावाले आले. आल्मेरियाच्या उघड्याबोडक्या टेकड्या त्यांना अमेरिकेच्या वाळवंटासारख्या वाटायच्या, म्हणून घोड्यांचे आणि बंदुकांचे चित्रपट ते तिथे काढत. त्यांना विहिरीवर पाणी देणारी एक मुलगी हवी होती. एका दिवसाचं काम. पण दिग्दर्शकाने रोसाउराला पाहिलं आणि ते एका दिवसाचं काम तीन महिन्यांचं झालं. चित्रपटाचं नाव 'मिठाची विहीर'. तिथेच माझी आणि कॅमेऱ्याची पहिली गाठ पडली.

खरं सांगतो, मी त्याच्यावर जळलो. तो एका डोळ्याचा, तीन पायांवर उभा, डोक्यावर काळं फडकं घेतलेला. दोन तास मी तिला सजवायचो. भुवई सरळ झाली का, टिकली... नव्हे, गालावरचा तीळ ठीक बसला का, सगळं मी पाहायचो. मग ती मला पालथा घालून त्याच्यापुढे जायची. आणि तो तिचं हसणं गिळून कायमचं पोटात ठेवायचा! मला मात्र काहीच ठेवता येत नाही. ती समोरून उठली की मी रिकामा. इतका रिकामा, की माझ्यात नुसतं छत दिसायचं.

पण रोसाउराला जळवणारं काही वेगळंच होतं.

चित्रपट जर्मनीत गाजला. पोत्याने पत्रं आली. कुणीतरी ती स्पॅनिशमध्ये वाचून दाखवली आणि रोसाउराचा चेहरा माझ्यात हळूहळू उतरला. बहुतेक सगळ्यांनी एकच लिहिलं होतं: "बाई, तुमचा आवाज काळजात घर करून बसला." आणि आवाज तर तिचा नव्हताच! तुम्ही टीव्हीवर पाहता ना, जर्मनीत बाहेरच्या चित्रपटांना जर्मन आवाज देतात. पडद्यावर ओठ रोसाउराचे हलत होते, बोलत होती भलतीच कुणी.

रोसाउरा जिद्दीची. ती मला पिशवीत घालून म्युनिकला आली. दोन वर्षं माझ्यासमोर बसून जर्मन घोकली. ते अवघड उच्चार करताना ती तोंडाचा असा चंबू करायची की मला हसू यायचं. पुढच्या चित्रपटात तिने प्रत्येक वाक्य जर्मनमध्ये स्वतः म्हटलं. काम संपलं. नंतर कळलं, तरीही तिचा आवाज काढून टाकणार आहेत. निर्माता म्हणाला, "लोकांना तुमचा तोच आवाज हवा आहे."

तोच आवाज! ती तरातरा डबिंगच्या स्टुडिओत गेली. पिशवीचं तोंड उघडं होतं, म्हणून मलाही दिसलं. काचेपलीकडे साधा राखाडी स्वेटर घातलेली एक बाई उभी होती. पडद्यावर रोसाउरा मेलेल्या भावासाठी रडत होती आणि ही बाई तिच्याकडे पाहत, तिच्या श्वासाला श्वास लावून, खरोखर रडत होती. डोळे पुसायलाही थांबत नव्हती. तिचं नाव लिझेलोटे ब्रुनर.

रोसाउरा तशीच परत फिरली. घरी येऊन तिने मला समोर धरलं आणि म्हणाली, "चोरटी!" मी घाबरलो. वाटलं, मलाच म्हणाली. त्यानंतर ती पत्रांना उत्तरं लिहायला बसली. आवाजाची स्तुती करणाऱ्या प्रत्येकाला तिने लिहिलं, "मनापासून आभार." खाली स्वतःची सही.

असे अठरा चित्रपट झाले. पोस्टरवर चेहरा रोसाउराचा, नाव रोसाउराचं. आवाजाचं नाव एकाही पोस्टरवर नव्हतं. मग वय झालं, नव्या मुली आल्या, कामं आटली. तिने न्युरेम्बर्गच्या एका इंजिनिअरशी लग्न केलं आणि नाट्यगृहाचे कपडे शिवू लागली. आईचंच काम पोटापाण्याला आलं. नवरा वारला. उरलो मी आणि ती. माझी कड काळी पडली, तिचे केस पांढरे झाले. कॅमेरा आता तिच्या वाटेला फिरकत नव्हता. मला दुःख व्हायला हवं होतं ना? पण मी खूश होतो. मत्सर असा असतो, मित्रांनो. आपल्या माणसाचं वैभव गेलं तरी चालेल, ते आपल्यापाशी राहिलं पाहिजे.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर प्रभाताई आल्या.

वर ऊर्मिला आणि हृषिकेश राहत होते, दोघंही कंपनीत नोकरीला. हृषिकेशच्या आई प्रभाताई दर उन्हाळ्यात पुण्याहून तीन महिन्यांसाठी यायच्या. पट्टीच्या कीर्तनकार. रोज सकाळी त्यांचा रियाज चाले आणि खाली रोसाउरा चमचा हातात धरून तशीच उभी राही. एक दिवस तिने वर जाऊन बेल वाजवली. ऊर्मिला दारातच घाबरून माफी मागत म्हणाली, "एन्टशुल्डिगुंग! आई, थांबा जरा, खालच्या बाई तक्रार करायला आल्यात!" तक्रार कसली, रोसाउरा आत येऊन सरळ जमिनीवर बसली आणि हाताने खूण केली, गा.

तेव्हापासून ती रोसाबाई झाली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. प्रभाताई मराठीत बोलायच्या, रोसाबाई स्पॅनिशमध्ये, आणि चहाचे दोन-दोन कप व्हायचे. माझं मराठी तिथलंच, कीर्तनाच्या वळणाचं.

दोन हजार पंधरा साल होतं. गणपतीच्या आधी रोसाबाईला एक पत्र आलं. जुने चित्रपट दाखवणारं एक छोटं थिएटर 'मिठाची विहीर' पुन्हा दाखवणार होतं. लिझेलोटे ब्रुनर यांनी विनंती केली आहे, असं त्यात होतं, की या वेळी पोस्टरवर आवाजाचं नाव असावं. रोसाबाईंची हरकत नसेल तर खाली सही करावी. रोसाबाईने पत्राची चौपदरी घडी केली आणि पिशवीत माझ्याखाली दाबून ठेवली. आठवडा गेला, दोन गेले. मी त्या पत्रावर पहारेकऱ्यासारखा बसून होतो, आणि सांगायला लाज वाटते, मला बरंच वाटत होतं.

मग एका दुपारी आमच्या दाराची बेल वाजली. रोसाबाईने दाराच्या भिंगातून पाहिलं. चव्वेचाळीस वर्षं झाली होती, तरी तिने ओळखलं. गळ्याला रुमाल बांधलेली, काठी टेकत आलेली ती लिझेलोटे होती. बेल तीनदा वाजली. रोसाबाई दाराला पाठ लावून उभी राहिली. दार उघडलं नाही.

इतक्यात जिन्यावर प्रभाताईंचा आवाज आला. त्या दूध घेऊन येत होत्या. "अगं बाई, अशा उभ्या का? दार नाही उघडत? असू दे, या, वर या. पाणी तरी घ्या." आणि दोन आवाज, एक काठीचा आणि एक प्रभाताईंच्या गुडघ्यांचा, वर गेले!

रोसाबाईने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा असा पेटला होता, की मी तापलो. आवाज नेला, पत्रं नेली, आता मैत्रीणही?

वर काय झालं ते ऊर्मिला अजूनही हसून सांगते. ती संध्याकाळी घरी आली तर ओट्यावर दोन बशा.

"आई, कोण आलं होतं?"

"मला काय ठाऊक! रोसाबाईची नात्यातली असेल. पोहे दिले. खाता खाता डोळ्यांतून पाणी. मिरची लागली असेल गं बिचारीला."

"आई, इथे अनोळखी माणसाला असं घरात नाही हो घेत!"

"मग काय जिन्यात उभं करतात? आणि हो, तिला रविवारच्या कीर्तनाचं पत्रकसुद्धा दिलं."

इथल्या मराठी मंडळींनी चर्चमागचा हॉल घेतला होता. धुराचा भोंगा वाजेल म्हणून समई विजेची. सहाला हॉल रिकामा करायचा, म्हणून कीर्तन दुपारी तीनला. रोसाबाई पहिल्या रांगेत, मी तिच्या मांडीवरच्या पिशवीत. प्रभाताई नऊवारीत उभ्या, पेटीवर कार्ल्सरूहेहून आलेला नागेश, तबल्यावर हृषिकेश आणि मागे झांज घेतलेल्या साधनाताई. प्रभाताई ओळ उचलायच्या, रंगवायच्या आणि अर्ध्यावर सोडून द्यायच्या. ती पुरी करायच्या साधनाताई. अहाहा! विठ्ठलाचं नाव असं हातोहात फिरत होतं, की माझी काच आतून निवली.

पूर्वरंग संपला. तुम्हांला ठाऊक आहे, मध्यंतरात कीर्तनकाराला हार घालतात आणि बुक्का लावतात. ऊर्मिला तबक घेऊन उठली. आधी प्रभाताईंना बुक्का आणि हार. मग पेटीला. मग तबल्याला. मग साधनाताईंनाही बुक्का, हार आणि वाकून नमस्कार. मगच तबक श्रोत्यांकडे आलं.

रोसाबाईने ऊर्मिलाचा हात धरला. "त्या मागच्या बाईला का? गोष्ट तर प्रभा सांगते."

"काय म्हणतेय रोसाबाई?" प्रभाताईंनी तिथूनच विचारलं. ऊर्मिलाने सांगितलं. प्रभाताई हसल्या. "सांग तिला. मी ओळ टाकते आणि श्वास घेते. तेवढ्यात ओळ खाली पडत नाही, कारण मागे साधना ती झेलते. मग हार मी एकटीने कसा घालून घेऊ? देव विचारील ना मला!"

"आल्झो, तर मग..." म्हणत ऊर्मिलाने ते जर्मनमध्ये सांगितलं आणि रोसाबाईच्या कपाळाला बुक्का लावला.

सवयीने रोसाबाईने मला बाहेर काढलं, बुक्का सरळ लागलाय का पाहायला. मी तिला तिचा चेहरा दाखवला. सुरकुत्या, काळा टिळा, ओले डोळे. आणि तिच्या खांद्यामागे, दुसऱ्या रांगेत, गळ्याला रुमाल बांधलेला आणखी एक चेहरा. हातात आमंत्रणाचं पत्रक.

माझ्या साऱ्या आयुष्यात ती दोघं, चेहरा आणि आवाज, एकाच वेळी माझ्यात कधी आली नव्हती.

मित्रांनो, मी लहान आहे. रोसाबाईने हात जरासा वळवला असता, तर मागचा चेहरा निघून गेला असता आणि पुन्हा एकटी तीच उरली असती. माझा जीव मुठीत होता. तिने हात वळवला नाही. ती स्वतः वळली.

"तू?" लिझेलोटे दचकून म्हणाली. तो आवाज ऐकून मी हादरलो. घशाच्या शस्त्रक्रियेने तो खरखरीत झाला होता, सुकलेल्या पानासारखा. "मला माहीत नव्हतं तू इथे असशील. मी जाते."

"बस."

"मी फक्त एकदा नाव मागितलं होतं. ट्रामच्या थांब्यावर लोक माझी वाक्यं म्हणायचे आणि तुझ्या पोस्टरकडे पाहायचे. मी घरी येऊन आरशात पाहायची. वाटायचं, हिचा चेहरा मला का नाही?"

रोसाबाई म्हणाली, "आणि मी जर्मन घोकत माझ्या आरशात पाहायची." मग तिचा आवाज बारीक झाला. "ती पत्रं तुझी होती, लिझेलोटे. आभार मी मानले."

तिने तबकातला चिमूटभर बुक्का घेतला आणि मागे वाकून लिझेलोटेच्या कपाळाला लावला. पुढे प्रभाताईंनी, काही कळलं नसूनसुद्धा, झांज वाजवायची खूण केली आणि उत्तररंग सुरू झाला.

त्या पत्रावर रोसाबाईने तिथेच, ते माझ्या पाठीवर ठेवून, सही केली. कागदावर अंगठ्याला लागलेल्या बुक्क्याचा काळा डाग पडला. थिएटरवाल्यांना वाटलं शाई सांडली. पोस्टर निघालं. त्यावर रोसाउराच्या नावाखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, दुसरं नाव होतं. दोघी शेजारी बसून चित्रपट पाहायला गेल्या. मी पिशवीत होतो आणि पडद्यावर कॅमेऱ्याने साठवलेली एकोणीस वर्षांची रोसाउरा, तरुण लिझेलोटेच्या आवाजात बोलत होती. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात कॅमेऱ्याबद्दल राग नव्हता. त्याने सांभाळलं म्हणून तर त्यांना परत मिळालं.

दोन हिवाळ्यांनी लिझेलोटे गेली. त्याच्या पुढच्या वर्षी रोसाबाई. जाण्याआधी तिने मला ऊर्मिलाच्या हाती दिलं. आता मी तुमच्या मराठी वर्गाच्या कपाटावर असतो आणि शनिवारी तुम्ही माझ्यात जिभा काढून पाहता. पाहा बापडे. फक्त मला कोरड्या मऊ फडक्याने पुसत जा, थुंकी लावून नको.

आणि एक मागणं आहे. रोसाबाईची काळजी नाही, तिला पडद्याने ठेवलं आहे. पण दुसऱ्या रांगेतला तो चेहरा कुठल्याच चित्रपटात नाही. तो फक्त माझ्यात आला होता, आणि मला काहीच ठेवता येत नाही. म्हणून तो तुमच्याकडे देतो. जाण्याआधी एकदा मोठ्याने तिचं नाव घ्या, बाळांनो, आणि ते विसरू नका. लिझेलोटे ब्रुनर.